एक पाय पायरीवर

पेणच्या स्टँडवर परवा एक बाई माझ्या शेजारी येऊन बसली आणि तिच्या पिशवीतून भांबुर्ड्याचा वास आला. भांबुर्डा म्हणजे बांधावर आपोआप उगवणारं रान. एरवी वर्षभर त्याच्याकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. पौष लागला, वालाच्या शेंगा भरल्या, की मात्र त्याच्यावाचून आमचं पान हलत नाही. मडक्याच्या तळाला भांबुर्डा, त्यावर ओवा-मीठ लावलेल्या शेंगा, वर पुन्हा भांबुर्डा, मग मडकं उपडं घालायचं आणि भोवती जाळ करायचा. पाण्याचा थेंब नाही. ती आमची पोपटी. त्या बाईच्या पिशवीतला पाला अजून हिरवाच होता, जाळ लागायचा होता, तरी तो उग्र कडवट वास नाकात गेलाच.

बाकीच्यांना या वासाने शेत आठवतं, शेकोटी आठवते. मला मुंबईतला एक बसथांबा आठवतो. तीन वर्षांपूर्वीचा तो पौष-माघ आम्ही शेंगांशिवाय काढला. मी, आई आणि बाबा, तिघं जण, एका लाल बसच्या मागे.

स्टँडवर तेवढ्यात रोह्याची गाडी लागली. माणसं चढली, कंडक्टरने आत मोजदाद केली, ड्रायव्हरने गाडी चालू केली आणि एक गृहस्थ मात्र दारातच उभा राहिला. डावा पाय पायरीवर, उजवा खाली जमिनीवर, एक हात दांड्याला. कंडक्टर म्हणाला, "चला की आत." हा शांतपणे म्हणाला, "जरा थांबा. आमची मंडळी मुतारीकडं गेलीत." गाडी थांबली. एका म्हातारीने चंची उघडून पान लावायला घेतलं. ही पोझ मी डोळे मिटून काढून दाखवीन. आमच्या गावात या विद्येचे सगळ्यात मोठे जाणकार माझे बाबा.

आमचं गाव कासूच्या पुढे, खाडीच्या अंगाला. दिवसातून तीन गाड्या. मारुतीच्या देवळासमोर गाडी वळते आणि तिथेच तिचा थांबा. पण गाडी सुटायच्या वेळी सगळं गाव देवळासमोर असतंच असं नाही. कुणाचं भाकरीचं गाठोडं बांधायचं राहिलेलं असतं, कुणाची म्हातारी बांधावरून चालत येत असते. अशा वेळी गाडीला हात करून ओरडून उपयोग नाही, कारण ड्रायव्हरलाही पुढच्या गावाची वेळ गाठायची असते. त्यावर आमच्याकडचा उपाय एकच. आधी पोचलेल्याने एक पाय पायरीवर ठेवायचा आणि दुसरा जमिनीवरून उचलायचा नाही. माणूस अर्धा आत, अर्धा बाहेर असला की गाडी हलवता येत नाही. भांडण नाही, विनवणी नाही. बाबा तर त्या अवस्थेत ड्रायव्हरच्या घरची चौकशी करायचे. "पोरीचं लगीन ठरलं काय?" असं विचारेपर्यंत म्हातारी पोचलेली असायची.

बाबांनी स्वतःच्या माणसांपेक्षा दुसऱ्यांसाठीच गाडी जास्त धरली असेल. कधीकधी तर त्यांना कुठे जायचंही नसायचं. नुसते देवळापाशी बसलेले असायचे, उठायचे, पाय ठेवायचे, माणूस चढला की पाय काढायचे आणि पुन्हा येऊन पारावर बसायचे. लहानपणी मला त्याचा अभिमान वाटायचा. गाडीएवढी मोठी वस्तू माझ्या बापाच्या एका पायाने थांबते, हे काय कमी होतं!

पुढे मी शिकले. धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये लागले आणि रोह्यात खोली घेऊन राहू लागले. कंपनीची बस सहा चाळीसला म्हणजे सहा चाळीसला. एकेचाळीसला धावत येणाऱ्याला तिचे मागचे दिवे दिसतात. मला ते आवडू लागलं. वेळेवर येणाऱ्याला शिक्षा का म्हणून, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणायचे. सुट्टीला गावी गेले आणि बाबा दारात पाय ठेवून उभे दिसले की माझ्या कपाळावर आठी यायची. नाकाने कांदे सोलायचे दिवस होते ते.

त्या वर्षी मार्गशीर्षात वालाची खुरपणी चालली होती. आई ओळीत बसली होती. बाबा सांगतात, ती खुरप्याकडे हात नेत होती आणि हात खुरप्यापर्यंत पोचतच नव्हता. तिला वाटलं मुंग्या आल्यात. मग ती कलंडली. अंगावरून वारं गेलं होतं, उजव्या बाजूवरून. नेमकी दुपारची गाडी देवळासमोर लागलेली. चौघांनी आईला शेतातून उचलून आणली आणि तशीच गाडीत चढवली. त्या घाईत तिचं लुगडं गुडघ्यापर्यंत वर गेलं होतं आणि सगळं गाव बघत होतं. पेणला वेळेवर पोचल्यामुळे ती वाचली. पण ते लुगडं ती विसरली नाही.

"पोत्यासारखी टाकली गो मला गाडीत," वाचा थोडी मोकळी झाल्यावर तिचं मला उद्देशून पहिलं लांब वाक्य हे होतं.

पेणच्या डॉक्टरांनी मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात व्यायामासाठी पाठवलं. तिथल्या व्यायामाच्या बाई तरुण होत्या, आवाज कडक. म्हणाल्या, "हे सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. पाय जेवढा परत आणायचाय तेवढा आत्ताच आणू. सहा आठवडे, रोज." आईने सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "माज्या पायानं मला गाडीत चढता येल का?" बाईंना वाटलं ती रिक्षाबद्दल विचारतेय. आईने मान हलवली. "नाय, गाडी. आमची गावची गाडी. जाताना पोत्यासारखी गेलेय. येताना माज्या पायानं उतरंन, नायतर मी गावात येणार नाय."

आम्हाला वाटलं, म्हातारं माणूस बोलतं. पण ती गमतीत काही बोलणारी बाई नव्हे.

मावसबहिणीची एक खोली उपनगरात रिकामी होती, तिची किल्ली मिळाली. मी रजा टाकली. रोज रिक्षाने न्यायचं असं माझ्या मनात, पण व्यायामाच्या बाईंनीच सांगितलं की बसने आणलंत तर उत्तम, चढणं-उतरणं हाच खरा व्यायाम, फक्त ऐन गर्दीची वेळ टाळा. आम्हाला अकराची वेळ दिली. खोलीपासून थांबा एका गल्लीच्या अंतरावर, आणि तिथून हॉस्पिटलपर्यंत बारा थांबे.

मुंबई मला काही नवी नव्हती, असं मला वाटत होतं. मोबाइलवर बस कुठे आहे ते दाखवणारं काहीतरी मी उतरवून घेतलं होतं. त्यात लाल ठिपका सरकायचा आणि खाली लिहून यायचं, दोन मिनिटांत येत आहे. आईला मात्र गल्लीच्या तोंडापासून थांब्यापर्यंत यायला सात मिनिटं लागायची. चार पायांची काठी पुढे, मग डावा पाय, मग उजवा ओढत. दोन मिनिटं आणि सात मिनिटं यांच्यामध्ये जी पाच मिनिटं उरतात, त्यांचं काय करायचं हे मोबाइलमध्ये नव्हतं. बाबांना ते ठाऊक होतं. ते पुढे चालत जायचे आणि बसच्या पायरीवर एक पाय ठेवायचे.

पहिल्या दिवशी कंडक्टर चांगला निघाला. म्हणाला, "आजोबा, मागनं कशाला? आजारी माणसांनी पुढच्या दारानं चढायचं." दुसऱ्या दिवशीच्या ड्रायव्हरने नुसता हॉर्न वाजवला. तिसऱ्या दिवशी आतून लोक ओरडले. बाबा प्रत्येकाला सांगायचे, "मानूस येतंय माजं. ही बघा, आलीच." आणि आई अजून पानाच्या टपरीपाशीच असायची. तिला घाई व्हायची, घाईने उजवा पाय जास्तच अडकायचा. मी तिच्या बाजूने चालत असायचे आणि मला दोन्हीकडून घाम फुटायचा. लोकांकडे बघवत नव्हतं आणि बाबांकडेही बघवत नव्हतं.

आणि मग तो चपलेचा दिवस आला.

त्या दिवशी मी आधी चढले होते. बाबा म्हणाले, "तू जागा धर, मी हिला आनतो." मी पुढच्या दाराने चढून खिडकीजवळची जागा धरली, शेजारी पिशवी ठेवली. बाबा खाली दारात, नेहमीसारखे. आई दहा-पंधरा पावलांवर. ही बस बटणावर दार मिटणारी होती. ड्रायव्हरने एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं. मागून एक माणूस, खांद्याला डब्याची पिशवी, तो वैतागून म्हणाला, "काका, आमचं लेट मार्क लागतं हो. तुम्ही एकटेच राहता का मुंबईत?" दोघे-तिघे हसले. कंडक्टर उठून पुढे आला आणि त्याने सगळ्या बसला विचारलं, "यांच्याबरोबर कोण आहे?"

मी खिडकीकडे तोंड केलं.

ठरवून केलं नाही, असं मी स्वतःला पुष्कळ दिवस सांगितलं. पण मान आपोआप वळत नाही. मी बाहेर बघत राहिले. बाहेर आई होती. काठी पुढे टाकत ती बसकडे बघत येत होती, आणि तिने मला पाहिलं. कंडक्टरने पुन्हा विचारलं नाही. दार मिटायला लागलं, बाबांच्या पायावर आलं, ड्रायव्हरने घाबरून ते पुन्हा उघडलं, तेवढ्यात बाबांनी पाय वर ओढला आणि ते आत पडता पडता सावरले. चप्पल खाली राहिली, बस निघाली. बाबा आत, आई खाली आणि मी जागा धरून बसलेली.

पुढच्या थांब्यावर उतरून आम्ही मागे आलो. बाबा एका पायात चप्पल घालून मुंबईच्या फुटपाथवरून भराभर चालत होते आणि मी त्यांच्या मागे. आई थांब्याच्या दांड्याला धरून उभी होती. रडत नव्हती. बाबांच्या पायाकडे बघून म्हणाली, "चप्पल कुठं गेली?" चप्पल दिसली नाही. त्या दिवशी व्यायाम बुडाला. संध्याकाळी मी चहा करत होते तेव्हा आईने मला हळूच विचारलं, "तुला खिडकीतनं काय दिसत होतं गो?"

"काय नाय," मी म्हणाले. तिने पुन्हा कधी विचारलं नाही.

बाबा गॅलरीत बसले होते. मला वाटलं होतं ते शहराला शिव्या घालतील. ते म्हणाले, "त्या डबेवाल्या मानसाचं खरं हाय." मी चहाचा कप त्यांच्यापुढे ठेवला. "आता बघ. आपल्याकडं गाडी थांबते ती काय ड्रायव्हर देवमानूस हाय म्हनून नाय. दुसरी गाडी नाय म्हनून थांबते. म्हातारी राहिली तर सांजेपर्यंत राहिली. हितं एक गेली की धा मिन्टात दुसरी हाय. मग त्यानं कशाला थांबायचं? मीच येडा. गाव पाठीवर घेऊन हिंडतोय."

मी कंपनीत एवढी वर्षं काढली आणि वेळ पाळणाऱ्यांच्या बाजूने तावातावाने बोलले, पण एवढं साधं मला कधी सुचलं नव्हतं. आम्ही आपलं गाव प्रेमळ आणि शहर निर्दय असं वाटून टाकलेलं असतं. गावच्या प्रेमळपणात तीनच गाड्यांचा किती वाटा आहे, हे कुणी बघत नाही. आणि तरीही, गाडी थांबायचं कारण काहीही असो, थांबलेल्या गाडीत चढताना म्हातारीच्या तोंडावर जे दिसतं ते खोटं नसतं. बाबा ज्या बाजूने बोलले ती त्यांची बाजू नव्हती, तरी बोलले. माझी बाजू तर समोर चालत आली होती, आणि मी खिडकीकडे बघितलं. हा हिशेब त्या गॅलरीत माझा मलाच लागला आणि चहा कडू झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही अर्धा तास आधी निघालो. बाबांची नवी रीत अशी की आईने आधी थांब्यावर जाऊन उभं राहायचं, दमली तर कट्ट्यावर टेकायचं, आणि बस मग येऊ दे. बाबांच्या पायात माझ्या रबरी सपाता. थांब्याशी एक बाई हारांचं टोपलं घेऊन बसायची, झेंडूत हात घातलेले. ती बाबांना बघून म्हणाली, "काका, काल तुमचा एक पाय इथंच राहिला की!" आणि तिने टोपल्याच्या मागून चप्पल काढली. ती पुसून ठेवलेली होती. वर म्हणाली, "उभ्या टेम्पोखाली सरकली होती. त्या डबेवाल्या भाऊंनी दुसऱ्या दिवशी विचारतील म्हणून माझ्याकडे दिली. दोन थांबे पुढे उतरून मागे चालत आले बिचारे, तोवर तुम्ही गेलेले."

म्हणजे त्या माणसाचं लेट मार्क लागलं होतं. माझ्या मनातला त्याचा चेहरा बदलायला मला दिवसभर लागला.

मुंबईत पाहुण्यासारखं राहायचं म्हणजे काय, ते त्यापुढच्या आठवड्यांत थोडंफार कळलं. पाहुण्याला सगळ्यात आधी नावं शिकावी लागतात. थांब्यांची नावं कंडक्टर पुकारायचा आणि आई प्रत्येक नावाची चौकशी करायची. गिरणीचा थांबा आला की म्हणायची, गिरणी कुठाय? गिरणी नव्हती, काचेची इमारत होती. तलावाच्या थांब्यावर तलाव नव्हता. तिला ते पटायचं नाही. आमच्याकडे फाटा म्हटलं की फाटा असतो आणि आंब्याजवळ म्हटलं की आंबा असतो. शेवटी तिने आपली नावं ठेवली. भाजक्या शेंगदाण्यांच्या वासाचा थांबा, वाळत घातलेल्या साड्यांचा थांबा, कुत्रं झोपलेलं असतं तो थांबा. बारा थांबे तिने असे पाठ केले. बोलताना तोंड अजून एका बाजूला ओढायचं, पण नावं घेताना तिची जीभ मोकळी होत गेली. व्यायामाच्या बाईंनीही ते ओळखलं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे पायरी. काही बस खुज्या, फुटपाथवरून सरळ आत पाऊल टाकावं अशा. काहींची पायरी उंच. पहिले दोन आठवडे आम्ही खुजी बस आली की देव पावला म्हणायचो. तिसऱ्या आठवड्यात एक दिवस तशी बस आली आणि आई हललीच नाही.

"चल की," बाबा म्हणाले.

"ही नको. हिची पायरी फुकटची हाय."

"म्हंजे?"

"आपल्या गाडीची केवढी असते?" तिने डाव्या हाताने गुडघ्याच्या खालपर्यंत माप दाखवलं. "तेवढी येऊ दे."

तेव्हा मला समजलं की ती इतके दिवस हॉस्पिटलात जातच नव्हती. ती आमच्या मारुतीच्या देवळासमोर जात होती, रोज थोडी थोडी. त्यानंतर आम्ही उंच पायरीच्या बसची वाट बघत उभे राहायचो. चांगल्या रिकाम्या बस समोरून सोडून द्यायचो. हारवाली कपाळाला हात लावायची. "मुंबईत लोक बसमागे धावतात, आणि तुमची नवरीमुलगी बस पसंत करते!" आईला हसू आलं की ओठाची एकच बाजू वर जायची. मग दोन्ही जायला लागल्या.

चढताना तिला बस थोडी जास्त थांबायला हवी असायची, पाऊण मिनिट, एक मिनिट. बाबांनी आता पायरीवर पाय ठेवायचं सोडलं होतं. एके दिवशी ती दांडा धरून उजवा पाय वर घ्यायला धडपडत होती, ड्रायव्हरने गाडी किंचित पुढे घेतली, आणि बसच्या पत्र्यावर तळहाताचे दोन ठोके पडले. ठण ठण. बस जागीच थांबली. ठोके डबेवाल्या गृहस्थाने मारले होते. तो आमच्याकडे बघतही नव्हता, मोबाइलमध्ये काहीतरी वाचत होता. पुढे तोच किंवा एखादी कॉलेजची मुलगी, जे कुणी जवळ असेल ते पत्रा वाजवायचं. आमच्याकडे पाय, तिकडे तळहात. बाबा त्या ठोक्यांवर इतके खूश झाले की संध्याकाळी खोलीतल्या लोखंडी कपाटावर वाजवून बघत होते.

सगळेच असे होते असं नाही. "घरी बसवा ना म्हातारीला," असंही ऐकलं. एका ड्रायव्हरने आम्हाला बघून थांबा सोडूनच दिला, तेही दोनदा. मी तेव्हा मागून ओरडले, पण बस निघून गेल्यावर ओरडायला शौर्य लागत नाही.

सहाव्या आठवड्यातला गुरुवार. उंच पायरीची बस आली. बाबा मागे, मी बाजूला. आईने डाव्या हाताने दांडा धरला, डावा पाय वर ठेवला, आणि मग उजव्या पायाला जसं हट्टी वासराला सांगावं तसं काहीतरी पुटपुटली. पाय उचलला गेला, पायरीच्या कडेला अडला, खाली आला. बाबांचे हात पुढे झाले. "हात लावू नका," ती म्हणाली. पुन्हा उचलला. या वेळी तो वर आला. पत्र्यावर ठोके पडले नाहीत, कारण ड्रायव्हरच मागे वळून बघत थांबला होता. ती जाऊन बसली, पदर सारखा केला आणि म्हणाली, "चला." जणू गाडी तिचीच होती.

फाल्गुनात आम्ही गावी आलो. वाल शेजाऱ्यांनी काढून, वाळवून, झोडून ठेवले होते. भांबुर्डा बांधावर वाळून काटकी झाला होता. गाडी देवळासमोर वळली. पारावर दहा-बारा माणसं होती. आई दारात आली, दांडा धरला आणि एक, दोन, तीन, अशी उतरली. कुणी पुढे झालं नाही, बाबांनी डोळ्यांनीच सगळ्यांना दटावलं होतं. पारावरची एक म्हातारी तेवढं म्हणाली, "आलीस गो?"

"आले," आई म्हणाली, आणि घराकडे चालायला लागली.

लोक विचारतात, मुंबईत काय बघितलंत. समुद्र बघितला नाही, राणीचा बाग बघितला नाही. बारा थांबे बघितले आणि मी माझं खिडकीकडे वळलेलं तोंड बघितलं. ते मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला सांगायची गरज नाही, तिने ते बाहेरून पाहिलंच आहे. बाबांना ठाऊक आहे की नाही, ते मला अजून कळलेलं नाही. कधीकधी वाटतं एकदा बोलून टाकावं. मग वाटतं, बोलून माझंच ओझं उतरेल, त्यांच्या हाती काय लागेल? अशा गोष्टींची भरपाई बोलण्याने होत नसावी. ती वेळ पुन्हा यावी लागते.

या वर्षी वाल भरघोस आलेत. गेल्या रविवारी मी गावी होते. ठरलं होतं की आई-बाबांनी माझ्याबरोबर रोह्याला यायचं आणि माझ्या खोलीमागच्या मोकळ्या जागेत पोपटी लावायची. माझ्या लॅबमधल्या मुलींना दोन वर्षं नुसतं सांगत आलेय. दुपारची गाडी धरायची होती, कारण त्यानंतरची थेट संध्याकाळी. आई आणि मी पुढे निघालो. आईचा उजवा पाय अजून जरा घासतो, पण काठी सुटली आहे. बाबा मागून येतो म्हणाले. बाबांना हल्ली दम लागतो, गुडघेही बोलतात. त्यात शेंगांची पिशवी स्वतःच आणणार हा हट्ट.

गाडी आली. मी चढले, जागा धरली. खिडकीजवळची. ड्रायव्हर नवा, कंडक्टर तर अगदीच नवा, हातातल्या मशीनवर चटाचट तिकिटं काढत होता. आई दारापर्यंत आली, डावा पाय पायरीवर ठेवला आणि तिथेच थांबली. उजवा पाय जमिनीवर.

"आजी, आत या," कंडक्टर म्हणाला.

"माजं मानूस येतंय."

खिडकीतून मला बाबा दिसले. बांधावर, अजून विहिरीपाशी. थांबले होते, पिशवी खाली ठेवून कमरेवर हात. मग पिशवी उचलली, चार पावलं टाकली, पुन्हा थांबले. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. मागे कुणीतरी म्हणालं, नागोठण्याला पुढची गाडी पकडायचीय आम्हाला. आई जागची हलली नाही. ज्या पायासाठी मुंबईतल्या रिकाम्या बस सोडल्या होत्या, तो पाय तिने जमिनीत रोवला होता, आणि तो थरथरत होता.

कंडक्टर वैतागला. मशीन बाजूला करून त्याने सगळ्या गाडीला विचारलं, "या आजींबरोबर कोण आहे?"

"मी," मी म्हणाले.

एवढ्या जोरात म्हणाले की पुढच्या बाकावरचं पोर दचकलं. मी उठले, जागा तशीच सोडली, दारात आले, खाली उतरले आणि आईच्या शेजारी पायरीवर एक पाय ठेवून उभी राहिले. आयुष्यात पहिल्यांदा. पायरी उन्हाने तापली होती. आईने माझ्याकडे बघितलं नाही, नुसता तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकवला, आणि तिच्या पायाची थरथर माझ्यापर्यंत आली. माझे डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत.

"ड्रायव्हरदादा," आईने आत मान घालून विचारलं, "पोरं किती तुमाला?"

ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. बाबा आले. पिशवीतून भांबुर्ड्याचा वास आधी आला, मग ते. धापा टाकत त्यांनी आम्हा दोघींना पायांपासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "अगो, दोघी कशाला? गाडी एका पायावर थांबते."